हातचा एक

व्रोत्स्वाफ, फेब्रुवारी. गणित विभागाच्या तळमजल्यावर
कोट ठेवायची खोली, तिथे गेनोवेफाबाई.
खुंट्या दोनशे बारा. पितळेचे बिल्ले तितकेच,
फक्त एकशे चाळिसावा कुणीतरी कधी परत केला नाही,
म्हणून तो जस्ताच्या पत्र्याचा, खिळ्याने कोरलेला.

वर, जिन्याच्या उजव्या हाताला, मी शिकवते
नियमित भाषा.
फळ्यावर वर्तुळं, वर्तुळांतून बाण.
हे एक यंत्र, मी म्हणते, ज्याला आठवण नाही,
नुसती जागा आहे. आत्ता कुठे उभे आहोत एवढंच कळतं,
इथवर कसे आलो ते नाही.
अक्षर येतं, पाऊल पडतं, गेलेलं अक्षर गेलं.
शब्द संपला तेव्हा पाय दुहेरी वर्तुळात असले
तर शब्द आपला.
नसले तर नाही. वशिला चालत नाही.

"मग बेरीज कशी करतं?" खिडकीजवळचा त्सेझारी विचारतो.
एककापासून वाचलं तर हातचा एक ठेवता येतो त्याला.
हातचा आहे, हातचा नाही. दोन वर्तुळं पुरतात.
हातचे कितीही, असं म्हणालात
की संपलं.

उदाहरण द्यायला म्हणून मी कोट घेतले.
सकाळी सगळे येतात, संध्याकाळी सगळे जातात,
जितके आले तितके गेले.
कुठल्याही दाराला समजावी अशी गोष्ट.
दोनशे बारापर्यंत समजते.
परिषदेच्या दिवशी दोनशे तेरावा कोट आला,
तो बाईंनी खुर्चीच्या पाठीवर टाकला,
चौदावा मांडीवर घेतला,
पंधराव्याला म्हणाल्या, घालूनच बसा.

सिद्धता थोडक्यात अशी:
वाट खुंट्यांपेक्षा लांब असली
तर कुठल्यातरी खुंटीशी आपण दुसऱ्यांदा येतो.
दोन भेटींमधला फेरा यंत्राच्या लेखी झालाच नाही.
तो गाळा, नाहीतर दहादा गिरवा, ये रे माझ्या मागल्या,
दार तितक्याच मुकाट्याने उघडतं.
आता येणाऱ्यांच्यात एक फेरा वाढवा.
जाणारे तेवढेच.
यंत्र म्हणतं, ताळा जमला.

कुणीतरी हसलं. मीही.

पूरक भाषा त्याहून सोपी:
दुहेरी वर्तुळं एकेरी करायची, एकेरी दुहेरी.
बाण तसेच. वर्तुळं तशीच.
नाकारलेले सगळे आत, आतले सगळे बाहेर,
आणि तीही भाषा तितकीच नियमित.
"एवढंच?" त्सेझारी म्हणाला.
एवढंच. या शहरात पंचेचाळीस साली करून झालंय.
गेनोवेफाबाई तेव्हा ल्वूफहून आल्या, मालगाडीतून, आईच्या कडेवर;
ज्यांच्या घरात उतरल्या त्यांची बशी
टेबलावर तशीच होती म्हणे, अर्धी खाल्लेली.
खुंट्यांच्या पितळेवर अजून
ब्रेस्लाउच्या कारखान्याचं नाव आहे.
फळा पुसताना हे मी बोलले की नुसतं मनात आलं,
आठवत नाही.

सात वाजता खाली एकच कोट उरला होता, माझा.
मी विचारलं, दिवसभरात किती झाले, मोजता का?
"कशाला? खुंट्या रिकाम्या झाल्या
की मी घरी जाते."
मग कपाटामागच्या खिळ्यावरून
त्यांनी स्वतःचा कोट काढला. खिळ्याला आकडा नव्हता.
दिवा मालवला, किल्ली दोनदा फिरवली,
ढकलून पाहिलं.

ओद्रावरच्या पुलावर ट्रॅम थांबली, बराच वेळ.
हातमोजा शोधायला खिशात हात घातला
तर बिल्ला, जस्ताचा, थंडगार.
त्यांनी मागितलाच नव्हता.